दोन शेकोट्या

(वाचनासाठी शास्त्रभाग : योहान १८:१५-२७ आणि २१:१-१७)



मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडू लागली म्हणजे आपल्या खेड्यांतून रात्री ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात. तुराट्या, पऱ्हाट्या, वाळलेला पाला, परड्यातील एखादे मोडके लाकूड, जे हाती लागेल ते तीत पडते. आणि जेवणे आटोपली की माणसे तिच्याभोवती जमू लागतात. शेकोटी कोणास हाक मारीत नाही व कोणास हाकलूनही देत नाही. ऊब हेच तिचे आमंत्रण होय. परंतु शेकोटीपाशी बसलेला मनुष्य केवळ हात शेकून उठत नाही. तेथे जे बोलणे चालते ते त्याच्या कानांत शिरते, जे हसणे चालते त्यात त्याचेही हसणे मिसळते. आणि घरी जाताना जसा धुराचा वास त्याच्या कपड्यांस लागलेला असतो तसाच त्या मंडळींच्या बोलण्याचा वास त्याच्या मनास लागलेला असतो.

शुभवर्तमानात अशाच एका शेकोटीची हकीकत आहे. ती रात्र आपल्या प्रभूच्या आयुष्यातील अत्यंत दुःखाची रात्र होती. त्यास धरून प्रमुख याजकाच्या वाड्यात नेले होते. थंडी होती, म्हणून वाड्यातील चाकर व शिपाई ह्यांनी अंगणात कोळशाचा विस्तव पेटविला होता. पेत्र तेथे आला आणि त्यांच्याबरोबर शेकत उभा राहिला. पुढे काय झाले हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्राने तीन वेळा आपल्या गुरूस नाकारिले. संगतीचा विषय आज आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो, आणि त्याकरिता ह्या शेकोटीहून अधिक स्पष्ट धडा आम्हांस दुसरा दिसत नाही.

पेत्र त्या अंगणात वाईट हेतूने गेला नव्हता, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. तो प्रभूवरील प्रेमानेच मागोमाग आला होता. इतर शिष्य पळून गेले असता निदान इतके तरी धैर्य त्याने केले. त्याच्याबरोबर दुसरा एक शिष्यही होता. त्यानेच द्वारपालिकेस सांगून पेत्रास आत घेतले. परंतु शेकोटीच्या उजेडात पेत्र आपणांस एकटाच दिसतो. एकटा, दमलेला, भ्यालेला आणि गारठलेला, असा तो विस्तवाकडे वळला. जो मनुष्य वाईट सोबतीत सापडतो तो बहुधा दुष्टपणाच्या ओढीने तेथे जात नाही. तो थंडी लागली म्हणून जातो. घरात भांडण आहे, कामधंदा नाही, कोणी विचारीत नाही, मनावर ओझे आहे. आणि तिकडे चार माणसे बसली आहेत, ती हसून जागा करून देतात. तो बसतो. पाप करावयाचे असा संकल्प त्याने केलेला नसतो. त्यास केवळ ऊब हवी असते.

आणि दुसरी गोष्ट ही की, त्या शेकोटीपाशी पेत्रास कोणी मारिले नाही, कोणी बांधिले नाही, कोणी तलवार उगारिली नाही. एका दासीने विचारिले. मग उभ्या असलेल्या लोकांनी विचारिले. शेवटी ज्याचा कान पेत्राने बागेत कापिला होता त्याच्या एका नातलगाने विचारिले. नुसते प्रश्न होते. परंतु ज्यांच्या विस्तवावर आपण शेकतो त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलावयाची मनुष्यास सवय लागते. ज्या मंडळींत आपण बसलो आहो त्यांस न आवडणारे उत्तर दिले तर उठावे लागेल, आणि बाहेर तर थंडी आहे! एवढ्या एका भीतीने गालीलातील तो धिप्पाड, तडफदार मनुष्य एका दासीपुढे डळमळला. वाईट संगतीचे बळ हे असे असते. ती मनुष्यास दरडावून पापात ढकलीत नाही. ती त्यास केवळ अशा जागी आणून बसविते की तेथे खरे बोलणे महाग पडते.

ही गोष्ट एकाएकी घडत नाही. स्तोत्रसंहितेतील पहिल्याच स्तोत्रात धन्य मनुष्याचे वर्णन करिताना तो काय करीत नाही हे तीन पायऱ्यांनी सांगितले आहे : दुर्जनांच्या सल्ल्याने चालणे, पापी जनांच्या मार्गात उभे राहणे आणि निंदकांच्या बैठकीत बसणे. प्रथम चालणे, मग उभे राहणे, मग बसणे. आता पेत्राकडे पाहा. लूक सांगतो की तो दुरून मागे मागे चालला होता. योहान सांगतो की तो विस्तवापाशी उभा राहिला. आणि लूक पुन्हा सांगतो की तो त्यांच्यामध्ये जाऊन बसला. त्या तिन्ही पायऱ्या एका रात्रीत झाल्या. पुष्कळांच्या त्या पाच-दहा वर्षांत होतात, एवढाच फरक.

लोटाच्या चरित्रातही हाच क्रम आहे. अब्राहामापासून वेगळे होताना त्याने हिरवे कुरण पाहिले व त्या बाजूस आपला डेरा नेला. तो डेरा सदोमाच्या दिशेने होता एवढेच शास्त्र सांगते. पुढच्या अध्यायात तो सदोमातच राहत असलेला आढळतो. आणि देवदूत येतात तेव्हा तो सदोमाच्या वेशीत बसलेला असतो. म्हणजे त्या गावचा कारभारी, प्रतिष्ठित मनुष्य झालेला असतो. डेऱ्याचे तोंड कोणीकडे आहे ह्याची चौकशी पहिल्याच दिवशी केली असती तर वेशीत बसण्याची पाळी आली नसती. आपल्या गावांतही पाहा. पहिल्या दिवशी तरुण मनुष्य पानाच्या टपरीवरून केवळ जातो. मग दोन घटका उभा राहतो, कारण ओळखीचे लोक आहेत. मग बाजारच्या दिवशी मजुरीचे पैसे खिशात असता कोणी तरी खांद्यावर हात टाकितो आणि गुत्त्यात बसण्याइतके धैर्य येते. घरची माणसे म्हणतात, तो एकदम बिघडला. तो एकदम बिघडला नाही. त्याच्या डेऱ्याचे तोंड तिकडे फिरले तेव्हा कोणी पाहिले नाही.

असंगाशी संग आणि प्राणाशी गाठ, ही आपल्या वाडवडिलांची म्हण खोटी नाही. शास्त्रात तिचे दाखले पुष्कळ आहेत. दाविदाचा पुत्र अम्नोन ह्याच्या मनात पापी वासना आली तेव्हा त्याचा मित्र व चुलतभाऊ योनादाब जवळ होता. योनादाब दारुडा नव्हता, उनाड नव्हता. तो मोठा हुशार होता असे शास्त्र सांगते. मित्राच्या तोंडावरील कळा पाहून त्याने कारण विचारिले. आणि ते पाप आहे असे सांगण्याऐवजी युक्ती सांगितली. त्या एका युक्तीने तामारेचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, अम्नोनाचा खून झाला आणि दाविदाचे घर फुटले. तसाच रहबाम. लोकांनी त्याजपाशी जू हलके करण्याविषयी विनंती केली, तेव्हा म्हाताऱ्या मंत्र्यांनी त्यास सौम्यपणाची मसलत दिली. ती त्यास रुचली नाही. मग त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांस विचारिले, आणि त्यांनी त्याच्या मनातलेच त्यास सांगितले. परिणामी इस्राएलाच्या बारा वंशांपैकी दहा वंश तुटून गेले. जो मित्र आपल्या मनातलेच आपणांस सांगतो तो आपला सल्लागार नव्हे; तो आपल्या इच्छेचा पडसाद होय.

येथे कोणी म्हणेल, आम्ही दारू पीत नाही, मटका खेळत नाही, तमाशास जात नाही. हा उपदेश आम्हांकरिता नव्हे. बंधूंनो, असे म्हणण्याची घाई करू नये. वाईट सोबतीने चांगले वळण बिघडते अशा आशयाचे जे वचन पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले ते पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते मूळचे ग्रीक नाटककार मेनांडर ह्याचे मानितात. म्हणजे ख्रिस्त न जाणणाऱ्या लोकांसही हे सत्य ठाऊक होते. परंतु पौलाने ते कोठे योजिले हे पाहावे. त्या अध्यायात दारूविषयी मुख्य वाद नाही. मेलेल्यांचे पुनरुत्थान आहे की नाही, हा वाद आहे. करिंथात काही लोक, मेलेले उठत नाहीत असे म्हणत होते. पौलाच्या मते तीही वाईट संगत होती. कारण आशा गेली म्हणजे मग खाऊ-पिऊ आणि मरून जाऊ, एवढाच हिशेब उरतो. म्हणून ज्याच्याजवळ बसल्याने आपली आशा लहान होते, ज्याच्या बोलण्यानंतर प्रार्थना व्यर्थ वाटू लागते, प्रामाणिकपणा हा बावळटपणा वाटू लागतो, तो मनुष्य कितीही नीटनेटका असला तरी तो आपणांस थंडीत नेणारा सोबती आहे.

असे सोबती मंदिराच्या पायऱ्यांवरही भेटतात. उपासना संपताच पाळकाच्या उपदेशाची चिरफाड करणारे, पंचांच्या हिशेबाविषयी कुजबुजणारे, अमक्याच्या सुनेची व तमक्याच्या मुलीची वार्ता घरोघर पोहोचविणारे, हे सर्व निंदकांची बैठक मांडून बसलेले असतात; आणि ती बैठक प्रभूच्या दिवशी, प्रभूच्या घराच्या सावलीत मांडलेली असते. गुत्त्यातून येणाऱ्याच्या तोंडास वास येतो म्हणून तो ओळखू तरी येतो. निंदेचा वास येत नाही.

आणि हल्लीच्या काळी तर एक असा सोबती निघाला आहे की त्याच्याकडे जाण्याकरिता घराबाहेरही पडावे लागत नाही. तो खिशातच बसलेला असतो. मोबाईल ही वस्तू स्वतः वाईट नाही. परगावी असलेल्या मुलाचा आवाज आईस तीतूनच ऐकू येतो, आणि पवित्र शास्त्रही तीत वाचिता येते. परंतु रात्री अंथरुणात एकटे पडून तासन् तास जे आपण पाहतो व ऐकतो तीही संगतच आहे. पैसे लावण्याचे खेळ, अश्लील चित्रे, एका जातीस दुसरीविरुद्ध आणि एका धर्मास दुसऱ्याविरुद्ध चिथविणारी भाषणे, हे सर्व त्या इवल्याशा उजेडात आपल्या अगदी उशाशी येऊन बसते. आईबाप विचारतात, मुलगा कोठे आहे? घरातच आहे, असे उत्तर मिळते आणि त्यांस समाधान वाटते. तो घरात आहे खरा, पण बसला आहे कोणाबरोबर?

आता ह्या उपदेशाचा एक भलताच अर्थ करणारे लोक आहेत, त्यांजविषयी बोलणे अवश्य आहे. ते म्हणतात की, वाईट संगत टाळावयाची तर ख्रिस्ती मनुष्याने इतरांत मिसळूच नये. शेजाऱ्याच्या लग्नास जाऊ नये, मयतीस जाऊ नये, पडलेल्या भावाच्या दारात पाऊल टाकू नये. आम्ही निक्षून सांगतो की हा ख्रिस्ताचा उपदेश नव्हे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजा-पणजांस गावाने वेशीबाहेर ठेविले होते. त्यांची सावली चालत नव्हती, त्यांस पाणवठा बंद होता. त्या दुःखाकरिता महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला, आणि १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. ज्यांच्या घराण्यांनी ते विष चाखिले त्यांनी पवित्रतेचे नाव देऊन नवा विटाळ निर्माण करावा, ह्याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

प्रभू येशू जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंक्तीस बसला, आणि त्याबद्दल परूश्यांनी त्यास नावे ठेविली. वैद्याची गरज निरोग्यांस नसून दुखणेकऱ्यांस असते, ह्या अर्थाचे उत्तर त्याने दिले. पौलानेही त्याच करिंथकरांस स्पष्ट केले की, जगातील व्यभिचारी, लोभी व मूर्तिपूजक ह्यांच्याशी संबंधच ठेवू नये असे आपले म्हणणे नाही. तसे करावयाचे तर जगाबाहेरच जावे लागेल. तेव्हा जाणे आणि न जाणे ह्यांत भेद नाही. कशाकरिता जातो, आणि गेल्यावर कोण कोणास बदलितो, ह्यांत भेद आहे. प्रभू जक्कयाच्या घरी उतरला. त्या दिवशी येशू जकातदार झाला नाही. जक्कयाने आपले अर्धे द्रव्य गरिबांस देऊ केले आणि ज्यांस लुबाडिले होते त्यांस चौपट परत करण्याचे कबूल केले. उलट यहोशाफाट राजा अहाबाकडे गेला. तो अहाबास सुधारावयास गेला नव्हता, सोयरीक जोडून गेला होता. अहाबाच्या मसलतीने तो लढाईत उतरला, आणि त्याचा जीव जाता जाता वाचला. वैद्य रोग्याच्या खोलीत जातो, परंतु रोग्याच्या पेल्याने पीत नाही.

म्हणून आपली संगत पारखण्यास तीन साधे प्रश्न आम्ही सुचवितो. पहिला : ह्या सोबत्यांसमोर आपणांस ख्रिस्ताचे नाव घेता येते काय, की ते गिळावे लागते? पेत्राची परीक्षा ह्याच ठिकाणी झाली. दुसरा : ह्या बैठकीतून उठून घरी गेल्यावर बायकोशी प्रेमाने बोलणे, मुलांस जवळ घेणे आणि गुडघे टेकणे सोपे जाते, की जड जाते? तिसरा : आमच्यापैकी कोण कोणास ओढीत आहे? विहिरीत पडलेल्यास काढावयाचे तर काठावर पाय घट्ट असावे लागतात. ज्याचा स्वतःचा पाय घसरत आहे त्याने एकट्याने त्या विहिरीत वाकू नये; दुसऱ्या दोघांस बोलावून घ्यावे. ज्याने नुकतीच दारू सोडिली आहे त्याने जुन्या सोबत्यांस वाचविण्याच्या इराद्याने गुत्त्यात जाऊ नये. त्यांस आपल्या घरी बोलावावे. ह्यात भित्रेपणा नाही, शहाणपण आहे.

येथपर्यंत टाळावयाच्या संगतीविषयी झाले. परंतु मनुष्य केवळ टाळून जगत नाही. वाईट शेकोटीपासून उठविलेल्या माणसास अंधारात उभे केले तर तो गारठून पुन्हा तेथेच जाईल. म्हणून चांगली संगत काय करिते हेही पाहू.

शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता, तेव्हा दावीद जीफाच्या रानात लपून होता. शौलाचाच पुत्र योनाथान उठून त्या रानात गेला. त्याने बरोबर सैन्य नेले नाही; त्याने देवाच्या ठायी दाविदाचे हात बळकट केले, असे शास्त्र म्हणते. खऱ्या मित्राची ह्याहून चांगली व्याख्या आम्हांस माहीत नाही. तसेच बाबेलात राजाच्या स्वप्नामुळे दानीएलावर मरणाचा प्रसंग आला, तेव्हा तो आपल्या घरी गेला आणि हनन्या, मीशाएल व अजऱ्या ह्या सोबत्यांस त्याने प्रार्थनेची विनंती केली. परक्या देशात, परक्या दरबारात, चार तरुण एकमेकांस धरून राहिले. चौघे होते म्हणून टिकले.

अलीकडील इतिहासातील एक गोष्ट तर आपल्या दाराशी येऊन भिडते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात विल्यम्स कॉलेज म्हणून एक विद्यालय आहे. १८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात तेथील पाच विद्यार्थी प्रार्थनेकरिता मोकळ्या रानात गेले असता मेघगर्जनेसह वादळ आले. जवळच गवताची गंजी होती. तिच्या आडोशास ते बसले, आणि आशियातील लोकांकरिता त्यांनी प्रार्थना केली. सॅम्युएल मिल्स हा त्यांतील एक. त्या प्रार्थनेतून जी चळवळ वाढली तिच्यामुळे १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन झाली. त्याच विद्यालयात शिकलेला गॉर्डन हॉल हा तरुण त्या गंजीखाली नव्हता, परंतु त्या संगतीची ऊब त्यास लागली. आणि १८१३ सालच्या फेब्रुवारीत तो व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले. १८३१ साली त्या मिशनचे काम अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, सुरू झाले. हॉल १८२६ साली नाशिककडील प्रवासात पटकीने वारला. मिल्स तर आफ्रिकेहून परतताना १८१८ साली समुद्रावरच मरण पावला. त्याने हा देश कधी पाहिला नाही. तथापि पाच मुले पावसात एका गंजीखाली बसली, आणि त्याचे फळ आपल्या खेड्यांतील शाळांत व मंदिरांत दिसले. आपल्या गावी गवताच्या गंज्या थोड्या आहेत काय? आणि पाच मुले तरी कोठे नाहीत?

दुसरी गोष्ट आपल्याच माणसाची. मुंबईत १८४९ साली परमहंस मंडळी नावाची एक सभा निघाली. जातिभेद खोटा आहे असे मानणारे सुशिक्षित तरुण तीत गुप्तपणे जमत, आणि जातीचे बंधन मोडल्याची खूण म्हणून पाव खात. त्यांचे विचार उदार होते. पुढे १८६७ साली निघालेल्या प्रार्थना समाजास ह्यांतील काहींचा हातभार लागला. परंतु त्यांचा निश्चय बंद दाराआडचा होता. सभासदांच्या नावांची वही चोरीस जाऊन नावे उघडकीस येण्याचे भय उत्पन्न झाले, तेव्हा १८६० च्या सुमारास ती मंडळी फुटून गेली. बाबा पदमनजी हे एके काळी त्या सभेत होते. त्यांस अशी संगत पुरेशी वाटली नाही; त्यांनी १८५४ साली बेळगाव येथे उघडपणे बाप्तिस्मा घेतला व आपली लेखणी जन्मभर ख्रिस्ताच्या सेवेस वाहिली. येथे आम्हांस कोणाची निंदा करावयाची नाही. त्या काळी जातीबाहेर पडणे म्हणजे आईबापांस मुकणे होते. परंतु शिकावयाचे हे की, जी संगत आपणांस अंधारात धैर्य देते आणि उजेडात सोडून जाते तीवर आयुष्य टेकविता येत नाही. उजेडात बरोबर उभे राहणारे सोबती मिळवावे, आणि आपणही तसे व्हावे.

आता दुसऱ्या शेकोटीकडे येऊ. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तिबिर्याच्या समुद्राचा किनारा आहे. सात शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकामे राहिले आहेत. पहाट होते, किनाऱ्यावर प्रभू उभा आहे. प्रभूच्या शब्दाने त्यांनी पुन्हा जाळे टाकिले आणि ते भरून आले. ते उतरून पाहतात तो कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी घातलेली आहे व भाकर आहे. कोळशाच्या विस्तवाकरिता जो मूळ ग्रीक शब्द येथे आहे तो सबंध नव्या करारात ह्या दोनच ठिकाणी येतो : प्रमुख याजकाच्या अंगणात आणि ह्या किनाऱ्यावर. पेत्राच्या नाकास तो धूर ओळखीचा वाटला असेल. पहिला विस्तव वैऱ्यांच्या चाकरांनी पेटविला होता. हा प्रभूने स्वतः पेटविला होता. पहिल्यापाशी त्यास तीन वेळा विचारून पाडिले. ह्यापाशी तीन वेळा विचारून उभे केले. आणि प्रभूने प्रश्न केव्हा विचारिले? न्याहारी झाल्यावर. अगोदर ऊब, अगोदर भाकर, मग प्रश्न. शिवाय त्यांनी धरलेल्या मासळीतील थोडी आणावयास सांगून त्याने त्यांचाही वाटा त्यात घेतला.

ह्या दोन शेकोट्यांवरून आपल्या मंडळ्यांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. तरुण मुले टपरीवर बसतात म्हणून आपण त्यांस दोष देतो. परंतु आपली शेकोटी पेटलेली आहे काय? रविवारी तासाभराची उपासना, मग दारास कुलूप, आणि पुढच्या रविवारपर्यंत कोणी कोणास विचारीत नाही, असे असेल तर सहा दिवसांची थंडी त्या मुलाने कोठे घालवावी? ऊसतोडीस गेलेली कुटुंबे पाच-पाच, सहा-सहा महिने परक्या मुलखात कोप्या करून राहतात. मुकादमाची उचल डोक्यावर आणि फडावरची संगत भोवती. ती माणसे परत येतात तेव्हा त्यांस मंदिरात काय मिळते? आपुलकीची विचारपूस, की थकलेल्या वर्गणीचा हिशेब? पुण्या-मुंबईहून हरून आलेला मुलगा मागच्या रांगेत येऊन बसतो, तेव्हा त्याजकडे किती माना वळतात आणि किती हात पुढे होतात?

तार्सकर शौल यरुशलेमेस आला तेव्हा शिष्यांस त्याची भीती वाटली. तो खरोखर शिष्य झाला आहे असा कोणाचा विश्वास बसेना. ती भीती निराधार नव्हती. त्याचा पूर्वीचा लौकिकच तसा होता. परंतु बर्णबाने त्यास हाताशी धरिले व प्रेषितांकडे नेले. एक बर्णबा नसता तर मंडळीने आपला पौल दारातूनच परत पाठविला असता. आपल्या गावी असा कोणी दारात उभा नाही ना, हे पाहावे.

ह्याकरिता मोठा पैसा लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ कोणाच्या तरी ओटीवर जमावे. शास्त्रातील थोडा भाग वाचावा, एक-दोन भजने म्हणावी, चहा घ्यावा आणि एकमेकांचे सुखदुःख ऐकावे. ज्याने व्यसन सोडिले आहे त्यास बाजारच्या दिवशी एकटे सोडू नये; मजुरी हाती पडल्यापासून घराचा उंबरठा ओलांडीपर्यंत कोणी तरी त्याच्याबरोबर चालावे. नव्या सुनेस मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईने लेकीप्रमाणे जवळ करावे, म्हणजे मन मोकळे करावयास तिला निंदकांची बैठक शोधावी लागणार नाही. बापांनी मुलांबरोबर रात्री जेवावे, आणि जेवताना मोबाईल दूर ठेवावा. वडिलांनी तरुणांस उपदेश करण्यापूर्वी त्यांचे म्हणणे पुरते ऐकावे. न्याहारी अगोदर, प्रश्न मागून, हा प्रभूचा क्रम आपणही पाळावा. आणि तरुणांनो, तुम्ही गावात दोघेच ख्रिस्ती असाल तर दोघांनी एकमेकांस धरावे. दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तेथे मी आहे, अशा अर्थाचे अभिवचन प्रभूने दिले आहे, आणि ते मोठ्या मंडळ्यांपुरते दिलेले नाही.

जो वाचक आज पहिल्या शेकोटीपाशी बसला असेल त्यास आमचे एवढेच सांगणे आहे : उठ. फार दूर गेलो, आता कोण आपणांस घेईल, असे म्हणू नकोस. पेत्र त्या अंगणातून रडत बाहेर पडला तेव्हा अजून रात्रच होती. पण तो बाहेर पडला. उजाडल्यावर किनाऱ्यावर विस्तव कोणी पेटवून ठेविला होता हे त्यास पुढे कळले. आणि जो वाचक प्रभूच्या शेकोटीपाशी सुखाने बसला असेल त्याने थोडे सरकून शेजारी जागा करावी. हिवाळ्याच्या रात्री मोठ्या आहेत, आणि बाहेर पुष्कळ माणसे गारठलेली आहेत.

आपण कोणाजवळ बसावे हे समजण्याचे ज्ञान, वाईट बैठकीतून उठण्याचे धैर्य आणि दुसऱ्यास जवळ बसवून घेण्याची प्रीती, ही तिन्ही प्रभू येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो. आमेन.